ओळख न देणारा पाळक

पाळक कोशी वारले त्यानंतर आठवडाभरानं छावणीतल्या चर्चच्या पटांगणात शोकसभा झाली. मांडव होता, खुर्च्या होत्या आणि फ्लेक्स होता. फ्लेक्सवर मेलेल्या माणसाचा फोटो तळहाताएवढा, आणि श्रद्धांजली वाहणारे नगरसेवक भिकनराव यांचा फोटो दरवाजाएवढा. परक्या माणसाला वाटावं, गेले ते भिकनराव.

भिकनरावांनी माइक हातात घेतला. "पाळकसाहेब म्हंजी आमच्या घरातलाच माणूस," ते म्हणाले. "केरळातून आले अन् इथल्या मातीत मिसळले. ज्याला कुणी नाय त्याचे डोळे त्यांनी पुसले." दोघातिघांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या आणि ही शोकसभा आहे हे ध्यानात आल्यावर हात मांडीखाली दाबले.

मागच्या भिंतीला टेकून भिकनरावांची थोरली भावजय बसली होती, बानाबाई. पडेगावची धनगरीण. शेजारच्या बाईनं तिला विचारलं, "मावशे, तुम्ही वळखत व्हता का पाळकांना?"

"व्हय," बानाबाई म्हणाली.

आता म्हणायला काय जातंय. हे 'व्हय' जिथं म्हणायला पाहिजे होतं तिथं ती 'नाय' म्हणाली होती. हात उगारणारे दुसरे होते, त्यातले काही आज पहिल्या रांगेत बसून रुमालानं तोंड पुसत होते. पण हात उगारायच्या आधी विचारलं गेलं होतं ते तिला.

कोशी मूळचे कोट्टायमकडचे. बाप दुसऱ्याच्या रबराच्या झाडांना चिरा पाडून चीक गोळा करायचा. पोरगं पाळकाचं शिकलं आणि वर आणखी एक शिक्षण शिकलं, ज्याचं नाव काढलं की औरंगाबादेत लोक हसायचे. मनानं मोडलेल्या माणसाचं ऐकून घ्यायचं शिक्षण. "ऐकायचं कसलं आलंय शिक्षण? कान असले म्हंजी झालं की."

बहात्तरच्या दुष्काळात दुधाच्या भुकटीचा ट्रक घेऊन ते इकडं आले. थोडे महिने राहायचं होतं, ते जन्मभर राहिले. छावणीतल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीला पाळक मिळत नव्हता. गोरे पाद्री केव्हाच निघून गेले होते आणि या रखरखीत मुलखात यायला दुसरा कुणी राजी नव्हता, म्हणून हा 'मद्रासी' चालवून घेतला. केरळ म्हणजे मद्रास नव्हे हे त्यांनी थोडे दिवस सांगून बघितलं, मग नाद सोडला. नाव सांगितलं तर लोक म्हणायचे, "जोशी? बामन का?"

मराठी ते दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांत शिकले. त्यामुळं प्रार्थनेच्या आधी त्यांना शिव्या आल्या. पहिल्याच उपासनेत त्यांनी सैतानाला असं काही विशेषण लावलं, जे खडीवरची माणसं मुकादमाला लावायची. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या पदरात तोंड घालून हसल्या. लग्न त्यांचं राहूनच गेलं. एक सायकल, दोन वेताच्या खुर्च्या आणि चर्चच्या मागची एक खोली, एवढाच संसार.

बानाबाईची आणि त्यांची गाठ पडली ती दौलताबादच्या रस्त्यावर. तिचं पहिलं लेकरू तापानं एका दिवसात गेलं होतं. तिनं झोळी सोडली नाही. झोळीत दगड घालून ती हलवत बसायची आणि कुणी दगड काढला तर अंगावर धावून जायची. घरच्यांनी भगत आणला. भगतानं मिरच्यांची धुरी दिली, पाठीवर कोरडे ओढले. त्या वेळी तिचे पाय धरून बसला होता तो धाकटा दीर भिकन. एवढं करून बाधा निघेना, तेव्हा मेंढरं कोंडायची दोरीची जाळी असते ना, वाघूर, तिच्यात खुंटा ठोकून तिला दाव्यानं बांधली. आत मेंढरं, मेंढरांत बाई.

कोशी सायकलवरून उतरले.

"बाबा, पुढं जा," तिचा नवरा त्रिंबक म्हणाला. "येडी हाय. चावती."

"मी जवळ जात नाही. इथं बसू का?"

"बसा. पर पाणी मागू नका, लांबून आणावं लागतंय."

ते वाघुरीच्या बाहेर धुळीत बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. प्रार्थना नाही, अंगारा नाही, काही नाही. त्रिंबकला वाटलं, हाही एक येडाच. मग एक दिवस त्यांनी विचारलं, "त्रिंबकराव, मेंढीचं कोकरू मेलं तर मेंढी काय करते?"

"काय करती म्हंजी? वरडती. पान्हा तटतो, वरडत हिंडती."

"मग तुम्ही काय करता?"

"वरडू देतो. मंग दुसरं कोकरू लावून बघतो."

"बांधून घालत नाही?"

"मेंढीला कामून बांधावं?" त्रिंबक म्हणाला. बराच वेळ त्यानं वाघुरीकडं बघितलं नाही. मग उठला आणि खुंट्याचं दावं सोडलं. भिकन शिव्या देत राहिला, पण दावं पुन्हा बांधलं गेलं नाही.

बानाबाई त्या पावसाळ्यात बोलायला लागली. आधी झोळीबद्दल, मग लेकराबद्दल, मग भगताबद्दल, मग पाय धरणाऱ्या हातांबद्दल. मेंढरांचा वाडा दौलताबादकडून हलला तरी ती छावणीच्या खोलीत जायची. कोशी ऐकायचे. असं ऐकायचे की बोलणाऱ्याला वाटावं, आपलं बोलणं कुणीतरी हातात धरलंय. थोडी बरी झाल्यावर ती त्यांना टोमणे मारायला लागली.

"तुम्हाला पाळक म्हणत्यात अन् तुमच्याकडं मेंढरू एक नाय."

"म्हणून तर तुमच्याकडे शिकायला आलो."

"मला बाटवणार का मंग?"

"तुम्हाला बाटायचंय का?"

"नाय."

"मग माझं एक काम वाचलं."

एकच नियम ते प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगायचे. बाहेर रस्त्यात भेटलो तर मी ओळख देणार नाही. तुम्ही आधी बोललात तर बोलेन. नाही बोललात तर मी तुम्हाला जन्मात बघितलेलं नाही. कारण त्यांना कळलं होतं की या गावात माणूस दारू पिऊन गटारात पडला तर चालतो, पण डोकं दुखलं म्हणून कुणाजवळ रडला तर त्याच्या सात पिढ्या येड्या ठरतात. सोयरीक बघताना आमच्याकडं आधी घराण्यातलं वेड विचारतात, पोरीचा रंग नंतर.

नियम चांगला होता. लोकांनी तो इतका चांगला पाळला की शहागंजच्या मंडईत कोशी भेंडी निवडत असायचे आणि शेजारी भेंडी निवडणारा माणूस, जो परवा त्यांच्यासमोर लहान पोरासारखा हुंदके देत होता, तो दुसऱ्या पाटीकडं सरकायचा. सरकारी हाफिसातले, मोंढ्यातले व्यापारी, एक शाळामास्तर, एक फौजदाराची बायको. कुणी नमस्कार केला नाही. आणि वर बोलणं काय, तर "लई घमेंडखोर मद्रासी हाय, मान वर करून बघत नाय."

मंडळीचे कारभारीही खूश नव्हते. "पाळकसाहेब, इतकी वर्षं माणसं तुमच्याकडं येत्यात. एक तरी बाप्तिस्मा?" कोशी म्हणाले, "बुडणाऱ्याच्या डोक्यावर पाणी शिंपडत नाहीत." हे वाक्य कारभाऱ्यांनी त्यांना कधी माफ केलं नाही.

पुढं पडेगावात रस्त्याला लागून मंडळीचा एक पडीक तुकडा होता, तिथं कोशींनी पत्र्याचं शेड घातलं. घरच्यांनी टाकून दिलेली, स्टँडवर फिरणारी माणसं ते तिथं ठेवायचे. त्यात सांडू नावाचा एक जण होता. त्याला भावांनी एसटीत बसवून दिलं होतं आणि तिकीट काढून स्वतः उतरले होते. सांडू दिवसभर एकच विचारायचा, "पाळक, जेवले का?"

तोवर बानाबाईचं घर पडेगावात स्थिरावलं होतं. मेंढरं गेली, त्रिंबक चिकलठाण्याच्या कारखान्यात रखवालीला लागला. पोरगी झाली, मंजुळा, वाढली. आणि भिकनचा भिकनराव झाला. प्लॉट पाडायचे आणि विकायचे हा धंदा. शेडच्या मागची सगळी जमीन त्यानं हाताखाली घातली होती, आणि तिच्याकडं जायला रस्ता नव्हता. रस्त्यात शेड होतं.

मंजुळाला गंगापूरचं स्थळ आलं. पोरगा साखर कारखान्यात कायम. बाप रामकिसन, आई द्वारकाबाई. रामकिसननं पहिल्याच बैठकीत विचारलं, "घरात येडंबिडं कुणी?" त्रिंबकनं बिरोबाची आण घेऊन सांगितलं, नाय. बानाबाई आत चहा गाळत होती. तिनं ते ऐकलं आणि गाळणी खाली ठेवली नाही. वाड्यावरची गोष्ट वाड्यावरच राहिली होती, ती तशीच राहायला पाहिजे होती. तिच्या पोरीचं सगळं त्यावर होतं.

सुपारी फुटायच्या दिवशी सगळी भावकी गोळा झाली. जमाव गोळा करायला एरवी खर्च येतो, सोयरिकीच्या दिवशी तो आयता असतो, वर जेवलेला असतो. भिकनरावांना हे कळत होतं. जेवणं उरकली, पानं वाटली, आणि त्यांनी आवाज काढला. शेडात तो पाद्री बाया डांबून ठेवतो, बाटवतो, आपल्या गावात हे चालणार का? पोलीस चौकीतल्या जमादाराला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पुरुष निघाले, पाहुणे निघाले, मागून बायाही निघाल्या.

कोशी शेडच्या दारात उभे होते. केस पिकलेले, अंगात बनियन, हातात चपात्यांची परात.

"बाप्तिस्मे किती दिले इथं?" जमादारानं विचारलं.

"एकही नाही."

"मंग करता काय?"

"ऐकतो."

लोक हसले. जमादारही हसला, पण तो अगदीच वाईट माणूस नव्हता, आळशी होता. म्हणाला, "हे बघा पाळक, मला कटकट नको. एक माणूस दाखवा, जो म्हणंल की मला यांनी न बाटवता बरं केलं. एकच. ह्या समद्यांना मी आत्ता घरी लावतो."

कोशींनी गर्दीवरून नजर फिरवली. गर्दीत तो शाळामास्तर होता, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. आणखीही दोघं-तिघं होते.

"नावं मी सांगत नसतो," कोशी म्हणाले.

"असली तर सांगंल ना," भिकनराव म्हणाले. "आन् लोक तर काय, आमच्याच घराचं नाव घेत्यात. आमची वहिनी म्हणं येडी होती आन् ह्यानं बरी केली. होऊन जाऊ द्या एकदाचं. वहिनी, या पुढं. विचारा साहेब तिला."

पाय धरून बसलेला माणूस हे म्हणत होता. त्याला माहीत होतं की ती काय म्हणेल, कारण तिच्या एका बाजूला रामकिसन उभा होता, दुसऱ्या बाजूला द्वारकाबाई, आणि मागं हिरव्या लुगड्यात मंजुळा, कपाळावरचं कुंकू अजून ओलं.

बानाबाईनं तोंड उघडायच्या आधी कोशीच बोलले. "या बाईंना मी ओळखत नाही. त्यांना कशाला मधे घेता?"

"तुम्हाला नाय विचारलं," जमादार म्हणाला. "बाई, ह्यांना वळखता का?"

"नाय."

"मोठ्यानं बोला, पाहुण्यांना ऐकू येऊ द्या," भिकनराव म्हणाले.

"नाय वळखत," बानाबाई म्हणाली.

कोशींनी बरोबर उत्तर आल्यासारखी मान हलवली. जमादारानं टोपी काढून घाम पुसला, टोपी घातली आणि "तुमचं तुम्ही बघा, मी चहा घेऊन येतो," म्हणून चालायला लागला.

मग त्यांचं त्यांनी बघितलं. परात उडाली. कुणी इंजनाचं काळं तेल आणलं होतं, ते तोंडाला फासलं. चपलांचा हार करायला वेळ नव्हता म्हणून चपला नुसत्याच मारल्या. सांडू येऊन कोशींच्या पायांना मिठी मारून बसला, तर त्याला सोडवायला म्हणून त्याच्या बोटांवर दगड मारले. भिकनरावांनी स्वतः हात लावला नाही. त्यांच्या एका पोरानं पत्र्याचं पिंप उचलून कोशींच्या कानावर घातलं. शाळामास्तर तोवर घरी गेला होता. बायकांना घराकडं वळवताना द्वारकाबाई म्हणाली, "चला, विहीणबाई, असलं बघू नये," आणि बानाबाईचा दंड धरून तिला घेऊन गेली.

शेडातली माणसं दौलताबादच्या रस्त्यावर पांगली. सांडू दिवाळीच्या सुमाराला एका ढाब्यामागं मेलेला सापडला. मंडळीनं कोशींना कामावरून काढलं. बदनामी झाली म्हणाले. झाली होतीच, फक्त केली कुणी हे त्यांनी विचारलं नाही. शेड गेलं, रस्ता झाला, प्लॉट विकले. मंजुळाचं लग्न थाटात लागलं.

कोशी छावणीतच एका बोळात खोली घेऊन राहिले. गावाकडं कुणी उरलं नव्हतं. पिंप बसलेला कान त्याच दिवशी गेला होता, दुसरा पुढच्या दोन वर्षांत गेला. त्यांच्याकडं अजूनही कुणी चोरून यायचं, समोर बसायचं, बोलायचं. ते ओठांकडं बघत राहायचे, मग हात जोडून म्हणायचे, "माफ करा, मला कळत नाही." हळूहळू येणं थांबलं.

आणि मग मंजुळा माहेरी, पडेगावात बाळंत झाली. पोरगा झाला. पेढे वाटून व्हायच्या आत तिनं पोराला दूर लोटलं. हे मव्हं नाय, मव्हं दुसरं होतं, तुम्ही बदललं, म्हणायला लागली. अंगावर घेईना, जेवेना. द्वारकाबाई गंगापूरहून जीपनं आली. त्रिंबक कामावर होता. तिनं दार लोटून घेतलं.

"विहीणबाई, हिला पाळकाकडं न्यावं लागंल."

"कुठला पाळक?" बानाबाई म्हणाली.

"आता पुरं करा. मी बी जायची. मव्हा भाऊ विहिरीत गेला तवा. वर्षभर गंगापूरहून चोरून यायची, दवाखान्याच्या नावानं."

बानाबाई म्हणाली, "त्या दिवशी मंग…"

"त्या दिवशी तुम्ही बोलल्या असत्या तर मी बी बोलले असते," द्वारकाबाई म्हणाली. खरं की खोटं, ते तिचं तिलाच माहीत. "आता काय करायचं ते बोला."

दोघी मंजुळाला घेऊन बोळात गेल्या. जीप रामकिसनच्या चुलतभावाची होती, तोच चालवायला होता. दारात कोशी बसले होते, वाळलेले. त्यांनी वर बघितलं. बानाबाईला बघितलं, द्वारकाबाईला बघितलं. चेहऱ्यावर काही आलं नाही.

"पाळकबाबा," बानाबाई म्हणाली.

ते तिच्या ओठांकडं बघत राहिले.

"पाळकबाबा, मव्ही लेक हाय. बाळंतीण हाय."

"मोठ्यानं बोला, बाई. मला ऐकू येत नाही."

बानाबाई मोठ्यानं बोलली. त्यांनी मान हलवली, नाही. ती आणखी मोठ्यानं बोलली. शेजारची दारं उघडली. नळावरच्या बायांनी घागरी खाली ठेवल्या. तेव्हा बानाबाईनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडायला सुरुवात केली. "मी बानाबाई. पडेगावची. मला येड लागलं होतं. वाघुरीत बांधली होती मला. तुम्ही सोडवली, तुम्ही बरी केली. आता मव्ह्या लेकीला तेच झालंय. ऐकायला येतंय का? मव्ह्या लेकीला येड लागलंय." इतक्या वर्षांचं ती एका दमात ओरडली. बोळातल्या पोरासोरांनी ऐकलं, जीपवाल्यानं ऐकलं. द्वारकाबाई डोक्यावरून पदर घेऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहिली होती.

कोशींना त्यातलं थोडं पोचलं. ते मंजुळासमोर बसले. तिचा चेहरा बराच वेळ बघितला. "हिचं लेकरू बदललं असं म्हणते का?" त्यांनी विचारलं. बानाबाईनं मान डोलावली. "होतं असं. हे माझ्याकडचं काम नाही. घाटीच्या सरकारी दवाखान्यात न्या, आजच न्या. याला औषध आहे, उतार पडतो. आणि लेकरू तिच्या नजरेसमोर ठेवा. तोडू नका."

घाटीत नेलं, औषध सुरू झालं. पण जीप त्याच दिवशी गंगापूरला पोचली होती. रामकिसन दुसऱ्या सकाळी पडेगावच्या अंगणात उभा होता. मंजुळाची ट्रंक त्यानं ओट्यावर ठेवली. द्वारकाबाई जीपजवळ उभी होती, घरातून उचललेला पोरगा तिच्या हातांवर.

"येड्याचं घराणं लपवून आमच्या गळ्यात बांधलं," रामकिसन म्हणाला. "बिरोबाची आण खाल्ली तुम्ही, त्रिंबकराव. पोरगी तुमची तुम्हाला. पोरगं आमचं."

त्रिंबकनं पागोटं काढून त्याच्या पायावर ठेवलं. रामकिसननं पाय मागं घेतला. भिकनरावांना निरोप गेला होता. निवडणूक जवळ आली होती, ते आले नाहीत.

बानाबाई जीपकडं गेली. "विहीणबाई, तुम्ही तरी सांगा ह्यांना. लेकरू तोडू नका म्हणले पाळक, तुम्ही ऐकलंय. आन् तुम्ही बी तर…"

"मी बी काय?" द्वारकाबाई म्हणाली.

सगळे पुरुष तिच्याकडं बघायला लागले.

"मी काय वो, विहीणबाई? मला तर त्या पाद्र्याचं घर बी म्हाईत नव्हतं. तुम्ही नेलं, मी आले." तिनं पोराला या हातावरून त्या हातावर घेतलं आणि जीपमध्ये जाऊन बसली.

कोशी त्याच थंडीत गेले. शेवटचे दिवस त्यांच्याजवळ कुणी नव्हतं, पेपरमध्ये दोन ओळी आल्या. मंजुळाला उतार पडला, त्यांनी सांगितलं होतं तसाच. ती नीट जेवायला लागली, केस विंचरायला लागली. शोकसभेहून बानाबाई घरी आली तेव्हा मंजुळा चुलीपुढं बसली होती.

"आये," ती म्हणाली, "मव्हं लेकरू कुठंय?"

"गंगापूरला."

"कवा आणायचं?"

बानाबाईनं पायातल्या वहाणा काढल्या. "भाकर खाऊन घे," ती म्हणाली.